पेनड्राइव्ह कोणत्या मार्गाने उठला? यूईएफआय आणि लेगसी बूटचा उलगडा

आरएनटी मार्गावर, सिल्व्हर मॉलच्या आसपास सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांची इंदूरमध्ये कमतरता नाही. कॉलेजात जाणारी मुलं घेतात, घरून हिशेबाचं काम करणारे घेतात. आठव्या पिढीचा आय5, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, आत विंडोज 10 आधीच टाकलेली. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून माणूस विंडोज 11 टाकायला जातो आणि तपासणीचा प्रोग्राम सांगतो, ‘या मशीनला सिक्युअर बूटचा सपोर्ट हवा.’ घेणाऱ्याला वाटतं फसवणूक झाली, दुकानदार म्हणतो मशीन जुनं आहे. बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसतो. अडचण एवढीच असते की आधीची विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या पद्धतीने, टाकलेली असते. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही केलेला बूट प्रोग्राम चालू देणारी सोय, मात्र बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयमध्येच चालते.

या सगळ्या विषयात एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर बाकीचं आपोआप उलगडतं. विंडोज कोणत्या मोडमध्ये बसणार हे इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर ठरत नाही. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह ज्या मार्गाने सुरू झाला, त्याच मार्गाची विंडोज बसते. पेनड्राइव्ह लेगसीने उठला तर विंडोज लेगसीची, यूईएफआयने उठला तर यूईएफआयची. इन्स्टॉलर त्याबद्दल काही विचारत नाही आणि थेट सांगतही नाही.

आधी जुना मार्ग बघू. 1981 साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून बायोसचं काम ठरलेलं आहे. बटण दाबलं की बायोस मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामसाठी, 64 बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे 2 बाइट खुणेसाठी. या सेक्टरलाच एमबीआर म्हणतात. बायोसला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे माहीत नसतं. तो एवढा एक सेक्टर मेमरीत उचलून ठेवतो, त्यातला प्रोग्राम सुरू करतो आणि बाजूला होतो.

लेगसीच्या सगळ्या मर्यादा या 64 बाइटांतून येतात. एका पार्टिशनची नोंद 16 बाइटांची, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. पाचवं हवं असेल तर एकाला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करावी लागतात. सेक्टरचा क्रमांक लिहायला 32 बिट, म्हणजे 512 बाइटच्या सेक्टरने मोजलं तर साधारण 2.2 टीबीच्या पुढचा पत्ता लिहिताच येत नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत 4 टीबीची डिस्क एमबीआर करून लावली तर 1.8 टीबी जागा नुसती पडून राहते. अशी डिस्क फक्त डेटासाठी असेल तर मात्र लेगसी मशीनवरही ती खुशाल जीपीटी (पार्टिशनचा नवा तक्ता, त्याबद्दल पुढे) करता येते. अडतं ते विंडोज जिच्यावरून सुरू होते त्या डिस्कपाशी.

यूईएफआयचं मूळ इंटेलने इटॅनियम सर्व्हरसाठी केलेल्या ईएफआयमध्ये आहे. 2005 साली अनेक कंपन्यांनी मिळून यूईएफआय फोरम स्थापन केला आणि ते सगळ्यांचं मानक झालं. यात आणि बायोसमध्ये खरा फरक असा की यूईएफआयला फॅट फाइल सिस्टम वाचता येते. म्हणून डिस्कवर ईएसपी नावाचं एक लहान फॅट32 पार्टिशन असतं आणि बूट करणारे प्रोग्राम त्यात साध्या फाइलसारखे ठेवलेले असतात. विंडोजची फाइल ‘ईएफआय’ फोल्डरात ‘मायक्रोसॉफ्ट’च्या आत, उबुंटूची ‘उबुंटू’च्या आत. कोणती फाइल आधी चालवायची ही यादी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम नावाच्या मेमरीत लिहिलेली असते. म्हणजे बूटची माहिती दोन ठिकाणी आहे: फाइल डिस्कवर आणि तिचा पत्ता मदरबोर्डवर. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

जीपीटी हा यूईएफआयच्या जोडीचा पार्टिशन तक्ता. विंडोजमध्ये 128 पार्टिशन चालतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि तक्ता बिघडला आहे का हे चेकसमवरून कळतं. एमबीआरचा तक्ता उडाला की सगळंच गेल्यासारखं होतं. इथे निदान शेवटच्या प्रतीवरून परत उभं राहता येतं.

मधल्या काळात, साधारण 2011 ते 2020 पर्यंतच्या मदरबोर्डांत, सीएसएम नावाचा एक भाग असायचा. तो यूईएफआयच्या आत बसून जुन्या बायोसची नक्कल करतो. गोंधळाचं घर हेच. अशा मशीनवर दोन्ही मार्ग उघडे असतात आणि कोणता घेतला हे पडद्यावर कुठेच मोठ्या अक्षरांत येत नाही. 2020 पर्यंत ही जुनी सोय काढून टाकू असं इंटेलने 2017 मध्ये जाहीर केलं होतं. आज नवीन लॅपटॉपांत बहुधा लेगसीचा पर्यायच दिसत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या मधल्या पिढीच्या मशीनसाठी आहे, आणि सेकंडहँड बाजारात तीच जास्त मिळतात.

आत्ता काय चालू आहे ते बघा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘एमएसइन्फो32’ टाइप करा. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.) उघडलेल्या तक्त्यात ‘बायोस मोड’ ही ओळ शोधा. तिथे ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दोनचार ओळी खाली ‘सिक्युअर बूट स्टेट’ आहे. डिस्कचा प्रकार बघायला डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क 0’ या चौकटीवर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी.

लेगसी दिसलं म्हणून लगेच बायोसमध्ये जाऊन मोड बदलू नका. विंडोज एमबीआर डिस्कवर लेगसीने बसलेली असताना नुसता स्विच फिरवला तर मशीन ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणून थांबतं. अशा वेळी माणूस घाबरतो आणि डिस्क फॉरमॅट करायला देतो. डेटा कुठेही गेलेला नसतो. परत बायोसमध्ये जाऊन मोड होता तसा केला की विंडोज पुन्हा उठते.

आणखी एक सावधगिरी. नव्या विंडोजमध्ये डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद असू शकते. बूट मोड किंवा सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी ती शोधून कागदावर उतरवून घ्या, मगच बायोसमध्ये शिरा. ही की नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, इंदूरमधला नाही आणि बाहेरचाही नाही.

नव्याने विंडोज टाकताना

8 जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशनची एकत्र फाइल) निवडल्यावर ‘पार्टिशन स्कीम’ या खान्यात जीपीटी निवडा, शेजारच्या ‘टार्गेट सिस्टम’मध्ये यूईएफआय आपोआप येतं. इथे एमबीआर राहू दिलं तर पेनड्राइव्ह लेगसीने उठण्याची वाट मोकळी राहते. काही जण आयएसओ उघडून फाइल्स हाताने फॅट32 पेनड्राइव्हवर टाकतात आणि एक फाइल कॉपी होत नाही म्हणून अडतात. ती ‘इन्स्टॉल’ नावाची डब्ल्यूआयएम फाइल असते. तिचा आकार बहुतेक 4 जीबीच्या वर असतो आणि फॅट32 ला त्याहून मोठी फाइल झेपत नाही. रूफस त्यावर तोड म्हणून पेनड्राइव्ह एनटीएफएस (मोठ्या फाइल चालणारी फाइल सिस्टम) करतं आणि शेवटी एक चिमुकलं वेगळं पार्टिशन जोडतं. ते अनोळखी पार्टिशन दिसलं तर पुसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण, बूट मेनू. एचपीमध्ये एफ9, डेल आणि लेनोव्होमध्ये एफ12, असुस लॅपटॉपमध्ये एस्केप, असुसच्या मदरबोर्डवर एफ8, एमएसआयमध्ये एफ11. एसरमध्ये एफ12 आहे, पण आधी सेटअपमध्ये (म्हणजे बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर) तो चालू करावा लागतो. मेनू उघडला की मधल्या पिढीच्या मशीनवर एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसतात: एक ‘यूईएफआय: सॅनडिस्क’ आणि दुसरी नुसती ‘सॅनडिस्क’. वस्तू तीच, मार्ग दोन. घाईत जो वर असेल त्यावर एंटर दाबला जातो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा निकाल तिथेच लागतो. ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळच निवडा. त्याहून चांगलं म्हणजे आधी सेटअपमध्ये जाऊन सीएसएम किंवा ‘लेगसी सपोर्ट’ बंदच करा, म्हणजे चुकीची ओळ दिसणारच नाही. कळ दाबूनही मेनू उघडत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, आधीची विंडोज यूईएफआयची असेल तर तिथून ‘यूज अ डिव्हाइस’ने थेट पेनड्राइव्हवर जाता येतं.

पुढे डिस्क निवडायच्या पडद्यावर कधी कधी पिवळ्या त्रिकोणासह सूचना येते की निवडलेल्या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे आणि ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते. उलटीही येते: डिस्क जीपीटी आहे म्हणून इन्स्टॉल होणार नाही. ही सूचना दोष सांगत नाही, पेनड्राइव्ह कोणत्या मार्गाने उठला ते सांगते. दुसरी सूचना आली तर डिस्कला अजिबात हात लावू नका. डिस्क बरोबर आहे, पेनड्राइव्ह लेगसीने उठलाय. मशीन बंद करा, बूट मेनूतून योग्य ओळ निवडा, सूचना गायब होते. ही सूचना वाचून जीपीटी डिस्क एमबीआर करणारे आम्ही पुष्कळ पाहतो आणि खरंच वाईट वाटतं, कारण चांगली डिस्क मागे नेली जाते.

पहिली सूचना आली आणि डिस्कवरचं काहीही नको असेल, तर त्या डिस्कची सगळी पार्टिशन डिलीट करा, उरलेल्या मोकळ्या जागेवर टिचकी मारून नेक्स्ट दाबा. यूईएफआयने उठलेला इन्स्टॉलर डिस्क स्वतःच जीपीटी करून घेतो. तसं झालं नाही तर शिफ्ट आणि एफ10 दाबून काळी खिडकी उघडा आणि ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क 0’, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’ असा क्रम द्या. ‘लिस्ट डिस्क’च्या तक्त्यात शेवटच्या जीपीटी स्तंभात तारा असेल तर ती डिस्क आधीच जीपीटी आहे. ‘क्लीन’च्या आधी डिस्कचा आकार दोनदा वाचा. बाहेरची डेटाची डिस्क लावलेली असेल तर ती सरळ काढून ठेवा. ‘क्लीन’ खात्री करून घेत नाही, सांगितलं की लगेच पुसतो.

इन्स्टॉल झाल्यावर डिस्कवर 100 एमबीचं ईएसपी, 16 एमबीचं एक राखीव, मग सी ड्राइव्ह आणि काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन दिसतं. ‘एवढी लहान पार्टिशन कशाला’ म्हणून 100 एमबीचं उडवणारे भेटतात. ते उडालं की विंडोज शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही.

न पुसता लेगसीवरून यूईएफआयवर

विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन दिलेलं आहे. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी करतं. तरी बॅकअप घ्याच, आणि बिटलॉकर चालू असेल तर तो थांबवा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘एमबीआरटूजीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस’ चालवा. यात काही बदलत नाही, फक्त तपासणी होते. ती यशस्वी झाली तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून पुन्हा चालवा. काही मिनिटांचं काम आहे, पण डेस्कटॉपवर करत असाल तर यूपीएस हवाच. पावसाळ्यात लाइट जाण्याचा भरवसा नाही आणि तक्ता लिहिला जात असताना मशीन बंद पडणं फार महागात पडतं.

काम झालं की मशीन बंद करून थेट सेटअपमध्ये जा आणि मोड यूईएफआय करा. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरतात आणि ‘रूपांतर बिघडलं’ असं समजतात. आता डिस्क जीपीटी झालेली असते, त्यामुळे लेगसीमध्ये ती उठणारच नाही.

तपासणीच फसली तर कारण बहुतेक एकच असतं, पार्टिशनची संख्या. या साधनाला एमबीआरवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. आपल्याकडे दुकानात विंडोज टाकून देताना सी, डी, ई असे तुकडे पाडायची जुनी सवय आहे, आणि त्यातले डी, ई हे बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटातले लॉजिकल असतात. त्यांतला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, ती पार्टिशन डिलीट करा, रूपांतर करा, मग मोकळ्या जागेत हवं तर नवीन पार्टिशन करा. एसएसडीवर असे तुकडे पाडून वेग वाढत नाही, हेही इथेच सांगायला हवं.

रामबागेतल्या एखाद्या घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप असेल तर आणखी एक अडथळा येऊ शकतो. जुन्या ग्राफिक कार्डाच्या रॉममध्ये यूईएफआयसाठी लागणारा जीओपी हा भाग नसतो. सीएसएम बंद करताच पडदा काळा राहतो, पंखा मात्र फिरत असतो. मशीन जळलेलं नाही. कार्ड काढा, मॉनिटर मदरबोर्डच्या जोडणीला लावा. ती सोय नसेल तर विजेची वायर काढून सीएमओएस (सेटिंग साठवणारी मदरबोर्डवरची मेमरी) क्लिअर करा म्हणजे जुनी सेटिंग परत येतात.

विंडोजशेजारी लिनक्स

नियम एक: दोन्ही एकाच मोडमध्ये. विंडोज यूईएफआयने असेल आणि उबुंटूचा पेनड्राइव्ह लेगसीने उठला, तर उबुंटू बसतो, पण ग्रबच्या (लिनक्सच्या बूट प्रोग्रामच्या) यादीतून विंडोज सुरू होत नाही. दर वेळी बायोसमध्ये जाऊन मोड फिरवत बसावं लागतं. पार्टिशन हाताने करत असाल तर विंडोजचंच ईएसपी वापरा, त्याला ‘/बूट/ईएफआय’ द्या आणि फॉरमॅटची खूण करू नका. ती खूण झाली की विंडोजची बूट फाइल गेली. लेगसीवर जीपीटी डिस्क घेऊन लिनक्स टाकता येतं, विंडोजला हे जमत नाही. मात्र त्यासाठी ग्रबला 1 एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन द्यावं लागतं, फॉरमॅट न केलेलं.

उबुंटूसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नसते, त्याचा बूट प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. अडतं ते एनव्हीडियाच्या ड्रायव्हरपाशी किंवा व्हर्च्युअलबॉक्सपाशी. तिथे इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. नुसतं ‘कंटिन्यू’ दाबलं तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

मोडवर ढकलले जाणारे वेगळे दोष

इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही, ही तक्रार अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांवर नेहमीची. याचा यूईएफआयशी संबंध नाही. व्हीएमडी नावाची इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ‘लोड ड्रायव्हर’ने द्या. याउलट, डिस्क एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) आहे, इन्स्टॉलरला दिसते, पण लेगसीत मशीन तिच्यावरून उठत नाही, हा खरोखर मोडचाच प्रश्न. एनव्हीएमईवरून बूट करायचं तर यूईएफआय धरून चाला.

दुसऱ्या मशीनची एसएसडी काढून लावली आणि विंडोज यादीतच नाही? आठवा, पत्ता जुन्या मदरबोर्डवर राहिला. ईएसपीत ‘बूट’ फोल्डरातली ठरावीक नावाची फाइल असेल तर यूईएफआय ती स्वतः शोधतो. ती नसेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्टने ईएसपीला एस हे अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवा. पेनड्राइव्हवरून उठल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून विंडोज खरंच सी मध्ये आहे का ते आधी बघा.

डेस्कटॉप काल चालत होता, आज ‘नो बूट डिव्हाइस’ म्हणतो आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं आहे, तर मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी संपलीय. सेटिंग मूळपदावर गेली, त्यात बूट मोड किंवा साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलला. बॅटरी बदला, दोन्ही मोड पूर्वीसारखे करा, विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना दुकानातच दोन गोष्टी करून घ्या. ‘एमएसइन्फो32’ उघडून बायोस मोड बघा. मग मशीन बंद करून सेटअपमध्ये शिरा, एचपीत एफ10, डेलमध्ये एफ2, थिंकपॅडमध्ये एफ1. ऑफिसांतून निघालेल्या लॅपटॉपांवर बऱ्याचदा सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असतो. सेटअप नुसता वाचता येतो, मोडची ओळ मात्र करडी दिसते आणि बदलत नाही. तसं असेल तर पैसे देण्याआधी तो पासवर्ड दुकानदाराकडून काढून घ्या. घरी आल्यावर बॅटरी काढून तो जात नाही, बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डवरच्या चिपलाच हात घालावा लागतो.